धुतलेले हात आणि एक साधी नळी



आजचा विषय लघवीचा आहे. भिशीत जमलो की आपण गुडघ्यांबद्दल बोलतो, थायरॉइडबद्दल बोलतो, शुगरचे आकडे एकमेकींना सांगतो. पण लघवी आवरत नाही, किंवा बसून राहिले तरी सुटत नाही, हे आपण सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. म्हणून या विषयाचा इतिहास मी गेले काही महिने मिळेल तिथून वाचला. त्यातून एक गोष्ट कळली, ती तुमच्यापर्यंत पोहोचवावी असे वाटले.

वाचायला कारण घडले ते माझ्या मामेबहिणीमुळे. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस आहे. तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून आपल्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटते. विजेच्या तारेवर जसे रबर असते तसे आपल्या नसांवर मायलिनचे वेष्टण असते. ते जागोजागी झिजते आणि मेंदूचा निरोप वाटेतच अडकतो किंवा भलतीकडे जातो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार दुपटीहून जास्त होतो, आणि तोही बहुतेक वेळा विशी ते चाळिशीत, म्हणजे संसार ऐन भरात असताना. चालताना तोल जातो, नजर धूसर होते, थकवा येतो, हे लोकांना दिसते. दिसत नाही ते लघवीचे दुखणे. एमएस असलेल्या दहांपैकी आठ जणांना कधी ना कधी ते होतेच.

औषधे आहेत, ती डॉक्टर देतात. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. मला लिहायचे आहे ते औषधांखेरीज जे करता येते त्याबद्दल, आणि ते माणसाला कसे सुचत गेले त्याबद्दल.

नाव नसलेला आजार

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज, त्याचा एक नातू होता ऑगस्टस देस्ते. जन्म १७९४ चा. १८२२ मध्ये तो स्कॉटलंडमध्ये एका आप्ताच्या अंत्यविधीला गेला आणि तिथे अचानक त्याची नजर अंधुक झाली. काही दिवसांनी आपोआप बरी झाली. पुढे पाय लुळे पडू लागले, बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा डळमळला. हे सगळे तो आपल्या रोजनिशीत लिहून ठेवत असे. एमएसचे इतके जुने आणि इतके तपशीलवार वर्णन रुग्णाने स्वतः लिहिलेले दुसरे सहसा सापडत नाही. त्याने काय काय केले नाही! औषधी पाण्याच्या झऱ्यांवर गेला, मालिश करून घेतली, घोड्यावर बसून व्यायाम केला. राजघराण्यातला असल्यामुळे मोठमोठे डॉक्टर दिमतीला होते. पण १८४८ मध्ये तो गेला तेव्हाही त्याच्या आजाराला नाव नव्हते.

नाव आणि ओळख मिळाली ती पॅरिसमध्ये. तिथे साल्पेत्रियेर नावाचे अवाढव्य रुग्णालय होते, आणि हजारो गरीब, वृद्ध, आजारी बायका तिथेच राहत. १८६८ मध्ये तिथले डॉक्टर झाँ-मार्टिन शार्को यांनी आपल्या व्याख्यानांत या आजाराची नीट मांडणी केली. डोळ्यांची थरथर, हाताचा कंप आणि तुटक बोलणे ही तीन लक्षणे त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. पुढची पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर ही त्रयी पाठ करत राहिले. तिच्यात लघवीचा उल्लेख नव्हता. म्हणजे ज्या त्रासाने बाई घराबाहेर पडायची बंद होते, तो त्रास ओळखीच्या यादीतच नव्हता.

बिघाड दोन, लक्षण एकच

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. तिच्या तोंडाशी एक झडप, तीही स्नायूचीच. पिशवी भरत असताना पिशवीने सैल राहायचे आणि झडपेने घट्ट. रिकामी करताना नेमके उलट. दोघींनी हे एकमेकींच्या तालावर करायचे असते. तो ताल कुठून येतो हे लंडनच्या फ्रेडरिक बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवले. मेंदूच्या बुडाशी एक छोटे केंद्र असते, तिथून निरोप मज्जारज्जूतून कमरेच्या खालच्या नसांपर्यंत जातो. (जीवहिंसेतून आलेले हे ज्ञान वाचताना मन कचरले. पण इतिहास सांगायचा तर तो लपवून कसा सांगायचा?)

एमएसमध्ये बिघाड होतो तो बहुतेक वेळा याच वाटेवर, आणि तो दोन प्रकारांनी. एकात पिशवी अधीर होते. थोडीशी भरली तरी आवळते, मग घाई, धावपळ, वाटेतच कपडे ओले. दुसऱ्यात पिशवी आवळते त्याच क्षणी झडपही आवळते. मग लघवी तुटक-तुटक होते, पूर्ण सुटत नाही, आत बरीच शिल्लक राहते. पुष्कळ जणींना दोन्ही एकदम असतात.

गंमत अशी की बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आत लघवी शिल्लक राहिली की पिशवी लवकर भरते, म्हणून पुन्हा पुन्हा जावे लागते. बाई म्हणते, 'मला फार वेळा होते.' खरे दुखणे असते ते न होण्याचे. म्हणून कुठल्याही उपायाआधी एक साधी तपासणी करायची असते: लघवी करून आल्यावर सोनोग्राफीने आत किती उरली ते पाहायचे. न टोचता, न दुखता पाच मिनिटांत होते. इंग्लंडच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये एमएससाठी जी एकमताची रीत ठरवली तिच्यात १०० मिलिलीटरहून जास्त उरत असेल तर नळीने रिकामे करायला शिकावे, असे सांगितले आहे.

नळीचा जुना धाक

नळीचे नाव काढले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? पलंगाला लटकणारी पिशवी आणि शेवटचे दिवस. हा धाक उगाच आलेला नाही.

लघवीच्या नळ्या फार जुन्या आहेत. आपल्या सुश्रुतसंहितेतही नाडीयंत्रे म्हणून पोकळ नळ्यांची वर्णने आहेत. पण धातूची कडक नळी टोचायची, जखमा करायची. १८६० च्या दशकात पॅरिसच्या ऑग्युस्त नेलातों यांनी मऊ रबराची नळी आणली. १९३० च्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक फोली यांनी टोकाला फुगा असलेली नळी केली, ती आतच टिकून राहते. हीच आज सगळ्या दवाखान्यांत दिसते. ऑपरेशननंतर दोन-चार दिवसांसाठी ती वरदान आहे. पण महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे ठेवली की तिच्याच वाटेने जंतू चढतात, खडे होतात, मार्ग सोलवटतो.

पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले सैनिक बहुतेक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. गोळीने नव्हे, लघवीच्या जंतुसंसर्गाने आणि पाठीच्या जखमांनी. डॉक्टरही फारशी आशा धरत नसत.

ही निराशा मोडली लुडविग गुटमन यांनी. हे जर्मनीतले ज्यू डॉक्टर, नाझींच्या छळामुळे १९३९ मध्ये इंग्लंडला आले. १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल इथे त्यांनी मणक्याच्या जखमींचा विभाग सुरू केला. नळी आत ठेवून न देता दिवसातून काही वेळा घालायची, पिशवी रिकामी करायची आणि काढून टाकायची, हा त्यांचा आग्रह होता. पण तीही पूर्ण निर्जंतुक पद्धतीने, मास्क-हातमोजे घालून, आणि डॉक्टरांनीच. १९६६ मध्ये त्यांनी आणि हान्स फ्रँकेल यांनी ४७६ रुग्णांचा अनुभव छापला. घरी जाताना निम्म्याहून जास्त लोकांच्या लघवीत जंतू नव्हते. हे त्या काळी नवलच होते.

पण विचार करा, दिवसातून चार-पाच वेळा डॉक्टर कोणाच्या घरी येणार? दवाखान्यात जे जमले ते घरी जमणारे नव्हते. घरी जाणाऱ्या बाईपुढे मग दोनच वाटा असत. कायमची नळी, नाहीतर मोठे ऑपरेशन करून लघवीचा मार्ग पोटावर काढून घेणे.

१९७२: शुद्ध नको, स्वच्छ पुरे

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा प्रपंच मांडला तिच्याकडे येते.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जॅक लॅपिडेस नावाचे मूत्ररोगतज्ज्ञ होते. त्यांचे म्हणणे असे होते की जंतू आत गेले म्हणून संसर्ग होतो हे अर्धेच सत्य आहे. जंतू तर सगळीकडेच असतात. मूत्राशय तासन्‌तास तट्ट भरून ताणलेले राहिले की त्याच्या भिंतीतला रक्तपुरवठा कमी होतो आणि मग तिची झुंजायची ताकद जाते. साठवण वेळेवर रिकामी झाली, तर थोडे जंतू आत गेले तरी शरीर ते निभावून नेते. म्हणजे नळी किती निर्जंतुक आहे यापेक्षा ती किती वेळेवर घातली हे महत्त्वाचे.

हे वाचताना मला आपला पाण्याचा नियम आठवला. पाणी कितीही नीट गाळलेले, उकळलेले असो, त्याचा काळ ठरलेला असतो. काळ उलटला की ते चालत नाही. भांडे सोन्याचे आहे की पितळेचे, हा प्रश्न मागाहून.

लॅपिडेस यांनी ही रीत ज्या पहिल्या रुग्णाला दिली ती एमएस असलेली एक स्त्री होती. तिला सांगितले ते एवढेच: हात साबणाने धुवा, नळी धुऊन स्वच्छ ठेवा, ठरलेल्या वेळी स्वतःच घाला, रिकामे करा, काढा. हातमोजे नाहीत, मास्क नाही, डॉक्टर नाही. तिची प्रकृती सुधारली, ऑपरेशन टळले. मग आणखी स्त्री-पुरुषांना शिकवले. १९७२ मध्ये लॅपिडेस, त्यांचे सहकारी डॉक्टर डिओक्नो आणि सिल्बर आणि परिचारिका लो अशा चौघांच्या नावाने तो लेख प्रसिद्ध झाला. लेखात परिचारिकेचेही नाव आहे, हे मला फार आवडले. कारण रुग्णाला समोर बसवून, आरसा हातात देऊन, भीती घालवून शिकवायचे काम परिचारिकेचेच असते.

त्या काळच्या डॉक्टरांना हे सहज पटले नाही. निर्जंतुक न केलेली नळी, तीही रुग्णाने स्वतः घालायची, म्हणजे अंगावर संसर्ग ओढवून घेणे, असेच त्यांना वाटे. पण वर्षे गेली, रुग्ण बरे राहिले, किडन्या वाचल्या. आज जगभर ही रीत मान्य आहे आणि लघवी तुंबण्यावर तीच पहिली निवड समजली जाते.

मैत्रिणींनो, या एका बदलात काय काय घडले पाहा. काम डॉक्टरांच्या हातून रुग्णाच्या हातात आले. दवाखान्यातून घरच्या न्हाणीघरात आले. आणि 'पूर्ण शुद्ध जमत नसेल तर करूच नका' याच्या जागी 'स्वच्छ करा, पण वेळेवर करा' हे आले.

आपल्या घरांत हे समजायला थोडे जड जाते. आपण सोवळ्यात वाढलेल्या. शुद्धी म्हटली की आपल्याला पूर्णच हवी. माझ्या मामेबहिणीला दोन वर्षांत तीनदा ताप भरून आला, कळशीभर औषधे झाली. एका दवाखान्यात तिला 'पाणी भरपूर प्या' एवढेच सांगून परत पाठवले, आत किती लघवी उरते हे पाहिलेच नाही. दुसरीकडे ते पाहिले, तेव्हा पाव लिटरहून जास्त शिल्लक निघाली. नळी शिकायची म्हटल्यावर ती रडली. 'मला स्वतःला हात लावायचा? आणि मग त्याच हाताने देवपूजा?' असे तिने मला विचारले.

तिथल्या नर्सबाईंनी तिला फार छान सांगितले. त्या म्हणाल्या, 'ताई, बाळाची दुपटी तुम्हीच बदललीत ना? हात धुतलेत आणि पोळ्या केल्यात. मग स्वतःच्या शरीराचे करताना काय वेगळे?' चार दिवस आरसा लागला. आता लागत नाही. बायकांची नळी वीतभरसुद्धा नसते, पर्समध्ये राहते. नळी एकदाच वापरायची की धुऊन पुन्हा, किती वेळा, कोणत्या आकाराची, हे आपल्या डॉक्टर-नर्सना विचारूनच ठरवायचे. हात फार थरथरत असतील किंवा नजर कमी असेल तर घरातल्या कोणाला तरी शिकून घेता येते. तिच्या वेळी तिची सूनही शिकून घेतली आहे, गरज पडली तर म्हणून.

नर्तकीचा व्यायाम, डॉक्टरांचे यंत्र

आता दुसरी वाट, ज्यांची पिशवी अधीर आहे आणि शिल्लक फारशी राहत नाही त्यांच्यासाठी.

ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात. मूत्राशय, गर्भाशय, आतडे या झोळीवर टेकलेले असतात. ही झोळी आवळायची आणि सैल सोडायची, असा व्यायाम इंग्लंडच्या मार्गारेट मॉरिस यांनी १९३६ मध्ये लिहून ठेवला. या बाई मूळच्या नर्तकी, पुढे फिजिओथेरपी शिकल्या. पण व्यायामाला नाव मिळाले ते अमेरिकेतल्या डॉक्टर आर्नोल्ड केगल यांचे. १९४८ मध्ये त्यांनी बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायकांवरचा आपला अनुभव छापला.

केगल यांच्या लक्षात एक गोष्ट आली होती. नुसते तोंडी सांगून पुष्कळ बायकांना हा स्नायू सापडतच नाही. त्या पोट आवळतात, मांड्या आवळतात, श्वास धरतात. म्हणून त्यांनी एक साधे यंत्र केले: आत ठेवायची रबरी फुगडी आणि बाहेर काटा. स्नायू बरोबर आवळला की काटा हलायचा. आपले कष्ट डोळ्यांनी दिसले की बाईला हुरूप येतो. दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटे, असा त्यांचा पाठ होता.

एमएसमध्ये हे चालते का? निरोपाची तारच झिजलेली असेल तर स्नायू ऐकेल का? उत्तर उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टर विद्यापीठाकडून २००६ मध्ये आले. डोरीन मॅक्लर्ग आणि सहकाऱ्यांनी एमएस असलेल्या ३० स्त्रियांचे तीन गट केले. एकाला व्यायाम आणि सल्ला, दुसऱ्याला त्याबरोबर स्नायूची हालचाल पडद्यावर दाखवणारे यंत्र, तिसऱ्याला या दोन्हींबरोबर हलक्या विजेची उत्तेजना. नऊ आठवड्यांनी सगळ्यात जास्त फरक तिसऱ्या गटात दिसला. म्हणजे तार कमजोर असली तरी शिकवणे वाया जात नाही, फक्त मदत जास्त लागते.

पण एक सावधगिरी. एमएसमध्ये काहींची झोळी ढिली नसून उलट ताठरलेली असते. तिला आणखी आवळायला लावले तर त्रास वाढेल. म्हणून यूट्यूबवर पाहून सुरू करू नका. या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. आणि लघवी चालू असताना मध्येच अडवून सराव करायची सवय तर नकोच. आधीच तुटक होणारी लघवी आणखी अडकते.

घड्याळ आणि वही

तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त. १९६६ मध्ये लिव्हरपूलचे जेफकोट आणि फ्रान्सिस यांनी घाईची लघवी होणाऱ्या बायकांसाठी शिस्तीची एक रीत सांगितली. वाटले की धावायचे नाही, घड्याळ पाहून जायचे. आधी तासाने, मग सव्वा तासाने, मग दीड तासाने. मूत्राशयाला हळूहळू धीर शिकवायचा. एमएसमध्ये नसांचाच दोष असल्यामुळे हा धीर पूर्ण येतोच असे नाही, पण आजार सौम्य असताना फरक पडतो. आणि जिथे धीर येत नाही तिथे घड्याळ दुसऱ्या तऱ्हेने उपयोगी पडते: घाई लागायच्या आधीच, दर दोन-तीन तासांनी, जाऊन यायचे.

याआधी तीन दिवस वही ठेवायची. किती वाजता गेले, किती झाली, कपडे ओले झाले का, त्याआधी काय प्यायले. मापासाठी एक प्लास्टिकचा खुणांचा मग वेगळा ठेवा आणि त्यावर नाव घाला, म्हणजे स्वयंपाकघरात जाणार नाही. देस्तेने आपली रोजनिशी ठेवली तेव्हा ती वाचून उपाय सांगणारे कोणी नव्हते. आपली वही मात्र डॉक्टरांच्या खरोखर कामाची आहे.

लघवी झाल्यावर लगेच उठायचे नाही, मिनिटभर थांबून, थोडे पुढे वाकून पुन्हा प्रयत्न करायचा. थोडी शिल्लक राहत असेल तर तेवढ्यानेही निघते. पोट जोराने दाबून काढणे मात्र टाळा. झडप बंद असताना दाबले तर लघवी उलटी किडनीकडे ढकलली जाऊ शकते.

एक उपाय अगदी घोट्याशी आहे. पायाच्या आतल्या बाजूला घोट्याच्या वर जी नस जाते ती कमरेखालच्या त्याच मुळांतून निघते जिथून मूत्राशयाच्या नसा निघतात. १९८३ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मॅक्ग्वायर यांनी या नसेला हलकी वीज देऊन अधीर मूत्राशय शांत होते का ते पाहिले. २०११ मध्ये फ्रान्समध्ये एमएसच्या ७० रुग्णांनी घरीच रोज वीस मिनिटे त्वचेवर पट्ट्या लावून हे तीन महिने केले आणि बहुतेकांची घाई कमी झाली. मोठ्या शहरांतल्या फिजिओथेरपी विभागात विचारून पाहा.

आपल्या घरात

आता पाण्याबद्दल, कारण खरी चूक इथेच होते. लघवीच्या भीतीने बाई पाणी तोडते. लग्नाला जायचे तर सकाळपासून घोट नाही, यात्रेची बस म्हणजे तोंडाला कुलूप. पाणी कमी झाले की लघवी गडद आणि तिखट होते, मूत्राशयाला जास्त टोचते, उन्हाळी लागते, बद्धकोष्ठ होते, आणि भरलेले आतडे शेजारच्या मूत्राशयावर दाब देते. म्हणजे ज्यासाठी पाणी सोडले तेच वाढते. दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर, तेही थोडे थोडे, ही बहुतेकांसाठी योग्य मात्रा. वाढवायचे ते पाणी, तोडायचा तो चहा-कॉफी.

चौविहार करणाऱ्यांना एक सोय आपोआपच आहे. झोपण्याआधी दोन-तीन तास पाणी थांबवा, असे डॉक्टर सांगतात, ते आपल्याकडे सूर्यास्तालाच थांबते. पण मग सूर्यास्ताच्या आधी दहा मिनिटांत तीन ग्लास ओतायचे नाहीत. सकाळपासून विभागून घ्यायचे. पायावर सूज येत असेल तर दुपारी थोडा वेळ पाय वर ठेवून पडा, म्हणजे ते पाणी रात्री लघवीत उतरणार नाही. पाणी न घेता उपवास करायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि महाराजसाहेबांना आपला आजार मोकळेपणी सांगा. शक्तीप्रमाणे तप असेच आपल्याला शिकवलेले आहे. सामायिक ४८ मिनिटांचे. त्याआधी जाऊन या, किंवा नळी घेऊन बसा, म्हणजे मन तिकडे राहणार नाही.

आणि लाज? चरकसंहितेत शरीराचे वेग अडवू नयेत यावर एक सबंध अध्याय आहे, त्यात लघवीचा वेगही आहे. आपल्या पाच समितींतली पाचवी समिती तर मलमूत्राचा त्याग जीव जपून, जागा पाहून कसा करावा याचीच आहे. महाव्रती साधू-साध्वींच्या आचारात ज्या गोष्टीला नियमाची जागा आहे, तिच्याबद्दल आपण गृहस्थ बायकांनी तोंड लपवायचे काही कारण मला दिसत नाही. करायचे ते जपून, स्वच्छपणे करायचे, एवढेच.

घरातल्यांसाठीही दोन शब्द. सून किंवा सासू वारंवार उठत असेल तर टोकू नका. रात्री न्हाणीघराच्या वाटेत दिवा ठेवा, पायपुसणे घसरणारे नको, कमोडच्या बाजूला धरायला दांडी लावा. घाईत पडून हाड मोडलेल्या बायका कमी नाहीत. धर्मशाळेत खोली घेताना खालच्या मजल्यावरची, आत शौचालय असलेली मागा, आणि मागताना संकोच करू नका. यात्रेचे नियोजन करणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे की बस दर दोन तासांनी थांबेल हे पत्रकातच छापा. त्या एका ओळीमुळे किती बायका नाव नोंदवतील ते पाहा.

डॉक्टरांकडे लगेच जायचे ते केव्हा? ताप-थंडी, लघवीत रक्त, कमरेत कळ, लघवी अजिबात न होणे, किंवा पाय एकाएकी जास्त लुळे वाटणे. एमएसमध्ये लघवीचा संसर्ग बाकीची लक्षणेही भडकवतो. पुष्कळदा आजार वाढला असे वाटते, आणि मूळ लघवीत असते. चालू असलेली औषधे मनाने बंद करायची नाहीत. माहिती आणि सोबत हवी असेल तर मुंबईत १९८५ मध्ये सुरू झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया आहे, तिची शाखा पुण्यातही आहे.

मिशिगनच्या त्या पहिल्या स्त्रीचे नाव इतिहासात नाही. तिने नकार दिला असता, 'हे माझ्याच्याने व्हायचे नाही' म्हटले असते, तर ही रीत कदाचित आणखी काही वर्षे थांबली असती. तिने हात धुतले आणि करून पाहिले.

तुमच्या ओळखीत कोणाला हा त्रास असेल तर हे तिला वाचून दाखवा. वाचून दाखवायला संकोच वाटला तर एवढे तरी विचारा: 'लघवी झाल्यावर आत किती उरते, हे कधी तपासलेस का?' पुढचे बोलणे आपोआप सुरू होईल.

जय जिनेंद्र.